पाळी जाण्याच्या काळात नोकरी कशी सांभाळायची

चाळिशी उलटली की ऑफिसातल्या बायका एकमेकींना हळूच विचारतात, तुझं सुरू झालं का गं, आणि बोलणं तिथेच थांबतं कारण तेवढ्यात कोणीतरी साहेब नाहीतर चहावाला येतो. मी बँकेत आहे, शाखेत ड्यूट्या लावायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे कोण अचानक रजा टाकतंय, कोण कॅशला बसायला नको म्हणतंय, कोणी प्रमोशनचा फॉर्मच भरला नाही हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. त्यातल्या कितीतरी अर्जांवर कारण 'घरगुती' लिहिलेलं असतं आणि खरं कारण असतं पाळी जाण्याचा त्रास. म्हणून हे लिहितेय.

माझं सांगणं साधं आहे. या काळात सोय मागायची, आणि ती नेमकी, नाव घेऊन मागायची. टेबल फॅन. खिडकीजवळची खुर्ची. दर दोन तासांनी पाच मिनिटं काऊंटर सोडायची मुभा. "मला बरं वाटत नाहीये" असं मोघम सांगितलं की समोरचा म्हणतो मग घरी जा, आणि घरी जायचं तर आपल्याला नसतंच, काम करायचं असतं, फक्त जरा सुखाने करायचं असतं.

आधी काय चाललंय ते ओळखा

सलग १२ महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला असं डॉक्टर धरतात. भारतात हे साधारण ४६-४७ व्या वर्षी होतं, युरोप-अमेरिकेतल्या बायकांपेक्षा चार-पाच वर्षं आधीच. पण खरा गोंधळ त्याच्या आधीच्या काही वर्षांत असतो, त्याला पेरिमेनोपॉज म्हणतात, पाळी कधी २० दिवसांनी येते कधी दोन महिने येत नाही, आणि आली की अंगावरून इतकं जातं की खुर्चीवरून उठायची भीती वाटते. म्हणजे ४२-४३ ची बाई असते, तिच्या डोक्यातही येत नाही की हे पाळी जायचं असू शकतं, तिला वाटतं टेन्शनमुळे होतंय, आणि टेन्शन तर असतंच कारण मुलाची बारावी, सासऱ्यांचं ऑपरेशन आणि ऑफिसातली जबाबदारीची खुर्ची सगळं नेमकं याच वर्षांत येतं.

काय काय होऊ शकतं? अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने गाऊन भिजतो, झोप तीनला मोडते ती मोडतेच, छातीत धडधडतं, सांधे धरतात, नाव आठवत नाही, चिडचिड होते, डोळ्यात उगाच पाणी येतं, लघवीला घाई होते. सगळ्यांना सगळं होत नाही, काही जणींना तर काहीच होत नाही, आणि त्याच बहुतेक म्हणतात की आम्ही नाही बाई कधी असलं काही केलं. त्यांचं मनावर घेऊ नका.

वाफा का येतात हे माहीत असलं की निम्मी घालमेल कमी होते. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी एक जागा आहे. इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं हार्मोन खाली-वर व्हायला लागलं की ती जागा फार हळवी होते, अंगाचं तापमान जरासं वाढलं तरी तिला वाटतं शरीर तापलंय, मग ती रक्तवाहिन्या मोकळ्या करते आणि घाम सोडते. एक ते पाच मिनिटं चालतं, नंतर कधी कधी हुडहुडी भरते. तुम्ही घाबरट आहात म्हणून होत नाही, खोलीतले बाकीचे गारठलेले असताना तुम्हाला घाम फुटतो तो खराच असतो.

एक महिना वही ठेवा

हे मी सगळ्यांना पहिलं सांगते आणि सगळ्या आधी कंटाळा करतात. मोबाईलमधल्या नोट्समध्ये ठेवा नाहीतर छोट्या डायरीत, पण रोज दोन ओळी लिहा. पाळी आली का, किती पॅड लागले, गाठी पडल्या का, वाफ किती वाजता आली आणि तेव्हा काय चाललं होतं, झोप किती झाली, ऑफिसात कशात अडचण आली. महिन्याने वाचाल तेव्हा काहीतरी पॅटर्न दिसतो. आमच्या एका कॅशियर ताईंना वाटायचं दिवसभर वाफा येतात, वहीत निघालं की त्यातल्या जास्त साडेअकराच्या आसपास, म्हणजे ११ चा कडक चहा, काऊंटरवरची सगळ्यात मोठी रांग आणि पॉलिस्टरचा ब्लाउज हे तिन्ही एकाच वेळी. चहाच्या जागी ताक आलं, ब्लाउज सुती आला, रांगेच्या त्या तासाला दुसरा काऊंटर उघडायला लागलो आम्ही. वाफा बंद नाही झाल्या, पण त्या आता सांगतात की झेपतंय.

वहीचा दुसरा उपयोग डॉक्टरकडे होतो. तिथे पाच मिनिटं मिळतात आणि आपण म्हणतो, होतं काहीतरी अधूनमधून. वही पुढे केली की बोलणं लगेच मुद्द्यावर येतं.

डॉक्टरकडे जाताना

अंगावर काढू नका. आपल्या आयांनी काढलं हे खरं, पण त्यांनी ते गुपचूप सोसलं म्हणून तो त्रास कमी होता असं नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, आणि थकवा असेल तर सीबीसी (रक्ताची साधी तपासणी, हिमोग्लोबिन यातच कळतं), थायरॉईड, शुगर आणि बीपी करून घ्या. थायरॉईड बिघडला की थकवा, वजन, धडधड, पाळीचा गोंधळ सगळं याच्यासारखंच दिसतं, त्यामुळे 'वयामुळे होतं' म्हणून सोडून द्यायच्या आधी ते तपासलेलं बरं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो अॅनिमिया. आणि जिचं दर महिन्याला अंगावरून खूप जातंय तिचं ते ८-९ वर आलेलं असू शकतं, मग जिना चढताना धाप लागते, काम सुचत नाही, आणि बाई समजते आपण आळशी झालो. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नका, चहामुळे लोह नीट अंगी लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्या. ४५ नंतर लक्षणं स्पष्ट असतील तर हार्मोनची महागडी टेस्ट बहुतेक वेळा लागतही नाही, कोणी लगेच मोठं पॅकेज गळ्यात मारत असेल तर कशासाठी ते विचारा.

दर तासा-दोन तासाला पॅड बदलायला लागतंय, मोठ्या गाठी पडतायत, पाळी आठ-दहा दिवस चाललीये, हे 'या वयात होतंच' म्हणून सोडायचं नाही. रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी एक वस्तू असते, तिने कित्येक जणींचं जाणं अगदी थोड्यावर येतं. आणि एकदा वर्षभर पाळी पूर्ण थांबली, मग नंतर कधीही नुसता डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात डॉक्टर. बहुतेक वेळा साधं कारण निघतं पण गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर वेळेत सापडतो तो याच डागामुळे, म्हणून थांबायचं नाही.

छातीत दुखतंय, डावा हात किंवा जबडा भरून आलाय, दम लागतोय, थंड घाम येतोय, तर हे मेनोपॉजचं असेल म्हणत टेबलावर बसून राहू नका, सरळ हॉस्पिटल गाठा आणि ईसीजी काढा. पाळी गेल्यावर बायकांना हार्टचा धोका वाढतो.

हार्मोनच्या गोळ्यांबद्दल आपल्याकडे प्रचंड भीती आहे. ती भीती पसरली २००२ मध्ये, अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाच्या मोठ्या अभ्यासानंतर, त्यात ब्रेस्ट कॅन्सर आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका थोडा वाढलेला दिसला आणि जगभर बायकांनी गोळ्या टाकून दिल्या. पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली. नंतर त्याच आकड्यांचा परत विचार झाला आणि आता डॉक्टर असं सांगतात की वय ६० च्या आत असेल किंवा पाळी जाऊन १० वर्षं झालेली नसतील, आणि बाकी तब्येत ठीक असेल, तर त्रास जास्त असलेल्या बाईला त्याचा फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. ज्यांना ब्रेस्ट कॅन्सर झालाय, गुठळ्या झाल्यात, स्ट्रोक येऊन गेलाय, लिव्हरचा आजार आहे किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होतोय त्यांच्यासाठी ते नाही. गर्भाशय असेल तर नुसतं इस्ट्रोजेन देत नाहीत, सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन लागतं. हार्मोन नको असतील तर वाफा कमी करणारी दुसरी औषधंही आहेत. घ्यायचं की नाही ते तुम्ही आणि तुमचे डॉक्टर ठरवा, व्हॉट्सअॅपवरच्या मावशी नाही.

आणि हो, पाळी पुढेमागे होतेय म्हणजे आता दिवस जाणार नाहीत असं धरून चालू नका, जातात.

पैसे ही अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगाची ओपीडी असते, तिथे मेनोपॉजसाठी वेगळा दिवस ठेवलाय का ते चौकशी खिडकीवर विचारा. पगार महिना २१,००० पर्यंत असेल आणि ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापली जात असेल तर त्यांचा दवाखाना हक्काचा आहे.

गर्भाशयाची पिशवी काढायच्या आधी

हे वेगळं लिहितेय कारण 'काढून टाका, कटकट मिटेल' हे मी अजूनही ऐकते, शिकलेल्या घरांतून पण. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणीच्या बायकांचं काय झालं ते लक्षात ठेवा. २०१९ मध्ये सरकारी समितीने ८२ हजारांवर बायकांची पाहणी केली, त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली, कितीतरी जणी तिशी-पस्तिशीच्याच. पाळीच्या दिवसात फडात जायला जमलं नाही की खाडा पडतो आणि मुकादम दंड कापतो, आधीच उचल घेतलेली असते, मग बाईला वाटतं पाळीच नको. म्हणजे कामाच्या जागी सोय नाही म्हणून अवयव काढला. मला हे वाचल्यापासून ऑफिसातल्या फॅनचा विषय छोटा वाटत नाही.

पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर मेनोपॉज हळूहळू येत नाही, ऑपरेशनपासून थोड्याच दिवसांत सगळा त्रास एकदम सुरू होतो, आणि कमी वयात झालं तर हाडं ठिसूळ व्हायला लागतात. अंडाशयं ठेवली तरी मेनोपॉज काही वर्षं लवकर येऊ शकतो. कॅन्सर असेल, औषधाने अजिबात थांबत नसेल, तर ऑपरेशन करावंच लागतं, पण त्याआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या आणि अंडाशयं ठेवणार की काढणार हे स्पष्ट विचारा. फायब्रॉईडच्या, म्हणजे गर्भाशयातल्या कॅन्सर नसलेल्या गाठी पाळी गेल्यावर बहुतेक वेळा आपोआप आक्रसतात, त्यामुळे वय ४८ असेल आणि त्रास औषधाने आटोक्यात असेल तर थोडं थांबता येतं का हेही विचारायचं.

बसायची जागा आणि वाफ आली तर

वाफ येते तेव्हा काऊंटरवर काय होतं ते मी रोज बघते. मानेपासून लाली वर चढते, ओठावर घामाचे थेंब, चष्म्यावर वाफ, आणि समोर पासबुक घेऊन आजोबा उभे असतात की मॅडम बरं आहे ना. अशा वेळी बायका हातातलं काम अजून जोरात करायला जातात, ती चूक होते, तिथेच नोट जास्त जाते. थांबा. आजोबांना सांगा, एक मिनिट हं काका, पाणी पिते. ड्रॉवर लावून घ्या, पाण्याचे दोन घोट, ओला रुमाल मानेवर आणि मनगटावर ठेवा. शांत श्वास घेतल्याने वाफ थांबत नाही, पण घाबरणं कमी होतं आणि धडधड निवते. दोन-तीन मिनिटांत ओसरते, मग नोटा परत पहिल्यापासून मोजा, मधून नाही.

जागेचं म्हणाल तर टेबलावर यूएसबीचा छोटा पंखा तीन-चारशे रुपयांत मिळतो, तो स्वतःचा आणा, मागत बसू नका. पण खुर्ची कुठे असावी हे मागा, एसीच्या झोताखाली ज्यांना थंडी वाजते त्यांच्याशी अदलाबदल केली की रिमोटवरून होणारी निम्मी भांडणं तिथेच मिटतात, आमच्याकडे हे असंच मिटलं. सिंथेटिक साडीचा युनिफॉर्म असेल तर सुती कापडात तोच रंग चालेल का हे लेखी विचारा, बहुतेक ठिकाणी चालतं, फक्त आजवर कोणी विचारलेलं नसतं. पर्समध्ये एक काळा किंवा गडद दुपट्टा, जास्तीची सलवार किंवा परकर, पॅड, ओले टिश्यू आणि एक साधी प्लास्टिकची पिशवी. अंगावरून जास्त जायचे दिवस असतील तर खुर्चीवर घडी घातलेला गडद पंचा टाका, डाग पडेल ही धास्ती गेली की कामात लक्ष लागतं.

दुकानात उभं राहून काम करणाऱ्या मैत्रिणींचं अवघड आहे, साडीच्या दुकानात तर दिवसभर बूड टेकायला मिळत नाही. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणं कायद्याने सक्तीचं केलं. आपल्याकडे मालकाला ही उदाहरणं सांगा, एक स्टूल ठेवायला सांगा.

संडास-बाथरूम

याबद्दल मला राग येतो. मी एका शाखेत होते तिथे लेडीज टॉयलेटची चावी साहेबांच्या ड्रॉवरमध्ये असायची. पन्नाशीची बाई, अंगावरून जातंय, आणि तिने पुरुष अधिकाऱ्यासमोर जाऊन चावी मागायची, परत आणून द्यायची. शाळांमध्ये तर सलग तीन तास वर्गावर, मधली सुट्टी पंधरा मिनिटांची आणि रांगेत मुली. मग बायका पाणीच पीत नाहीत. पाणी नाही प्यायलं की लघवीला जळजळ, इन्फेक्शन, आणि पाळी गेल्यावर तिथली त्वचा कोरडी पातळ होते त्यामुळे इन्फेक्शन आणखी सहज होतं. घाई लागणं, खोकला आला की थेंब जाणं यावर व्यायाम आहेत, तिथे लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम आहे, डॉक्टरला सांगायला लाजू नका.

काय मागायचं ते लिहून घ्या: चावी बायकांकडेच राहील, आतून लागणारी कडी, पाणी, झाकणाचा डबा, पॅड ठेवायला एक फळी, आणि शक्य असेल तर पॅडचा छोटा साठा. एकटीने नाही, चार-पाच जणींच्या सह्यांनी द्या, त्यात पंचविशीच्या मुलीही घ्या कारण त्यांनाही हेच लागतं. मुंबईत २०११ च्या सुमाराला 'राइट टू पी' मोहीम बायकांनी मिळूनच उभी केली, तेव्हा कुठे सार्वजनिक मुताऱ्यांवर महापालिका बोलायला लागली.

शाळेत मुख्याध्यापकांना सांगा की सलग तीन तास लावू नका, मध्ये एक ऑफ तास द्या, टाइमटेबल जूनमध्ये होतं तेव्हाच सांगा. एसटीत वाहक असाल तर डेपोत मुक्कामी गाडीच्या जागी काही महिने दिवसाच्या फेऱ्या मागा आणि ज्या स्टँडवर टॉयलेट बंद असतं त्याचं नाव अर्जात लिहा, नाव लिहिलं की कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

डोकं चालत नाही असं वाटतं तेव्हा

नाव आठवत नाही, वाक्य मधेच तुटतं, मीटिंगमध्ये आकडा जिभेवर येऊन निसटतो. हुशार बायकांना याची सगळ्यात जास्त भीती वाटते, विस्मरणाचा आजार लागला की काय. बहुतेकींच्या बाबतीत हे तात्पुरतं असतं आणि अपुऱ्या झोपेने वाढतं, पाळी पूर्ण गेल्यावर सुधारतं. तोपर्यंत डोक्यावर भार टाकू नका, कागदावर टाका. कॅशला असाल तर आधी स्लिपवर डिनॉमिनेशन, म्हणजे कितीच्या किती नोटा ते लिहा मग पैसे हातात द्या, फोनवर कोणी काही सांगितलं की "एक मेसेज टाका ना" म्हणा, अवघड काम सकाळी करा, एका वेळी दोन स्क्रीनवर काम टाळा. मीटिंगला जाताना तीन मुद्दे चिठ्ठीवर. आठवलं नाही तर सरळ "आकडा बघून सांगते" म्हणा, सॉरी सॉरी करत बसू नका.

झोपेसाठी: दुपारी तीननंतर चहा-कॉफी बंद, सुती चादर, उशाशी पाणी, रात्रीचं जेवण लवकर आणि कमी तिखट. हॉस्पिटलमध्ये किंवा कॉल सेंटरला नाइट असेल तर सलग नाइट घेऊन मग सुट्टी असं मागा, दर दोन दिवसांनी शिफ्ट बदलली की शरीराला काहीच कळत नाही. वाफांवर आणि झोपेवर सीबीटी नावाच्या समुपदेशनाचा चांगला उपयोग होतो हेही सांगून ठेवते.

साहेबांशी बोलताना

पुरुष असेल तर कसं सांगायचं हा सगळ्यात मोठा प्रश्न. 'मेनोपॉज' हा शब्द वापरायलाच हवा असं नाही, वापरला तरी आभाळ कोसळत नाही. दुपारी चहानंतर वेळ मागा, उभ्या-उभ्या बोलू नका, आणि बोलून झाल्यावर मेसेज टाकून ठेवा. असा:

"सर, दुपारी बोललो त्याप्रमाणे, माझं सध्या औषध सुरू आहे, डॉक्टरांनी सहा महिने लागतील असं सांगितलंय. मला तीन गोष्टी लागतील: खिडकीजवळचं टेबल, दर दोन तासांनी पाच मिनिटं ब्रेक, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात उशिरापर्यंत थांबायचं काम दुसऱ्या कोणाला तरी. त्या बदल्यात मी शेवटच्या आठवड्यात थांबेन. तीन महिन्यांनी परत बघू."

यात तीन महिन्यांची मुदत आहे, अदलाबदल आहे, त्यामुळे साहेबाला नाही म्हणायला जड जातं. तब्येतीचे बारकावे त्यांना सांगायची गरज नाही. ते म्हणाले "माझ्या मिसेसनी तर कधी रजा नाही घेतली", तर वाद घालू नका, "प्रत्येकीचं वेगळं असतं सर, मला एवढं लागेल" आणि परत मुद्द्यावर या.

पुरुष वाचत असतील तर त्यांना एकच विनंती, बाई सांगायला आली की दार उघडं ठेवून मोठ्याने विचारू नका, आणि 'काय लागेल' एवढं विचारा. आणि "मॅडमचा पारा चढलाय, तो प्रॉब्लेम आहे ना" असल्या कमेंट कोणी करत असेल तर तिथेच थांबवा. शरीरावरून, पाळीवरून घाणेरडं बोलणं चालूच राहिलं तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली ऑफिसातल्या अंतर्गत समितीकडे तक्रार करता येते, १० किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी ती समिती असायलाच हवी. तारीख, वेळ, कोण होतं हे त्याच दिवशी वहीत लिहा.

रजा आणि प्रमोशन

मेनोपॉजसाठी वेगळी रजा आपल्याकडे नाही, त्यामुळे आहे तीच नीट वापरा. राज्य सरकारी नोकरीत वर्षाला २० अर्धवेतनी रजा जमा होतात, वैद्यकीय दाखल्यावर त्या परिवर्तित करून पूर्ण पगारी घेता येतात, एका दिवसामागे दोन खर्ची पडतात. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकान कायदा ज्या दुकान-ऑफिसाला लागू आहे तिथे वर्षाला ८ पगारी किरकोळ रजा आहेत. ईएसआयसीत आजारपणात ७० टक्के दराने वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पैसे मिळतात. ऑपरेशन किंवा जास्त त्रासाचे दिवस असतील तर अर्जावर 'घरगुती' लिहू नका, 'वैद्यकीय' लिहा आणि दाखला जोडा, नाहीतर वर्षअखेरीला तुम्ही नुसत्या वारंवार रजा घेणाऱ्या दिसता. इंग्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या मराठी मैत्रिणींना तर अजून आधार आहे, तिथल्या समानता आयोगाने २०२४ मध्ये स्पष्ट केलंय की लक्षणं दीर्घकाळ आणि रोजच्या जगण्यावर मोठा परिणाम करणारी असतील तर ती कायद्याने अपंगत्वात धरली जाऊ शकतात आणि मग मालकाला कामात योग्य ते बदल करून द्यावे लागतात.

आणि कळकळीने सांगते, राजीनामा, व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) किंवा प्रमोशन नाकारायचं पत्र या काळात लगेच देऊ नका. आधी हिमोग्लोबिन बघा, आधी औषध तीन महिने घेऊन बघा, झोप लागायला लागू दे, मग ठरवा. मी प्रमोशनचे फॉर्म न भरता परत आलेले पाहिलेत, वीस वर्षं काम केलेल्या, शाखा एकहाती चालवतील अशा बायकांचे. बदलीची भीती असेल तर फॉर्म भरा आणि सोबत वैद्यकीय दाखल्याची प्रत लावून जवळच्या शाखेची विनंती वेगळ्या अर्जाने करा, युनियनच्या महिला प्रतिनिधीला त्याची एक प्रत द्या.

एक राहिलंच. आपण स्वतःही कोणाच्या तरी मालकीण असतो. घरी भांडी-फरशीला येणाऱ्या मावशी ४५-५० च्या असतील तर त्यांना हे सगळंच होतंय, वर चार घरचे जिने आहेत. त्यांना दुपारी पंख्याखाली बसून पाणी प्यायला सांगा, घरातला संडास वापरू द्या, आणि सरकारी दवाखान्यात जायच्या दिवशी खाडा धरू नका, तिथली रांग अर्धा दिवस खाते.